भंडाऱ्याने भरलेला प्लेअर

डिस्क प्लेअरचं झाकण उघडल्यावर आत काय काय निघालं, याची मी यादी ठेवते. सवयच आहे, मला सगळ्याच्या याद्या लागतात. पालीची अंडी, सुटी नाणी, केसांच्या पिना, हरभऱ्याची डाळ, ट्रेच्या फटीतून पोस्टात टाकावी तशी सरकवलेली लग्नपत्रिका. यादीतली बहुतेक नावं एकदाच येऊन गेली. दरवर्षी न चुकता आलेली वस्तू एकच. भंडारा. देवावर उधळतात ती हळद.

मारुंजीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. आहे म्हणायचं. पाटी आहे आणि शटर अजून वर जातं. दुकान टाकलं तेव्हा समोर ज्वारी होती. आता समोर सोसायटी, मागे सोसायटी आणि मधे दिवसभर टेम्पोतून उतरणारे भाडेकरूंचे सोफे. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलेली मी आमच्या घराण्यातली पहिली मुलगी वगैरे कहाणी मी सांगत बसत नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'धंद्यातले अनुभव लिहा' म्हटलं, म्हणून लिहितेय. खरं सांगायचं तर धंदा आता अनुभवापुरताच उरला आहे. लोक दारात येतात, आत वाकून बघतात आणि विचारतात, "काकू, मोबाईलची काच बदलता का?" मी नाही म्हणते. मग ते फळीवरच्या प्लेअरकडे बोट दाखवून विचारतात, "हे काय आहे?"

तर हे काय आहे ते आधी सांगते.

डिस्क म्हणजे चकती. ती प्लेअरमध्ये फिरते. तिच्याखाली मसुरीच्या दाण्याएवढं एक भिंग असतं. त्यातून प्रकाशाची बारीक रेघ वर जाते, चकतीवर आपटते आणि खाली परत येते. चकतीवर डोळ्यांना न दिसणारे खड्डे असतात. रेघ ते वाचते आणि त्याचं गाणं होतं, सिनेमा होतो, तुमचं लग्न होतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भिंग चकतीला टेकत नाही. जुन्या तबकडीला सुई टेकायची, टेपला हेड टेकायचं. इथे मधे नुसती हवा. म्हणून ती हवा स्वच्छ पाहिजे. माझ्या सगळ्या धंद्याचं सार एवढंच. धूळ नको, ओल नको, ऊन नको, बोट नको.

हे मी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावलं होतं. चकती कडेने आणि मधल्या भोकाने धरा. पुसायची तर मऊ सुती कापडाने, मधून कडेकडे, सरळ. गोल गोल पुसू नका, कारण गोल ओरखडा रेघेच्या वाटेनेच जातो आणि तिला त्यातून बाहेर पडता येत नाही. प्लेअरच्या वर काही ठेवू नका. ट्रे हाताने ढकलू नका. वीज कडाडायला लागली की पिन काढा. पिन लावलेली असताना झाकण उघडू नका. आत घरातला करंट आहे, आणि ती रेघ दिसत नाही म्हणून डोळ्याला लागत नाही असं नाही. गिऱ्हाईकं ती यादी मोठ्याने वाचायची, हसायची आणि घरी जाऊन चकती शर्टाला गोल गोल पुसायची.

यादीत भर पडत गेली, ती गिऱ्हाइकांमुळेच. लवळ्याच्या होस्टेलवरचा एक विद्यार्थी पावसाळ्यात प्लेअर घेऊन आला. आवाज येतो, चित्र थरथरतं. आत बघते तर पाणी. म्हटलं, "छताला गळती आहे का?" तो म्हणाला, "नाही मॅम. याचं वरचं झाकण गरम होतं ना, त्यावर आम्ही मोजे वाळवतो." आम्ही म्हणजे सगळी खोली. त्याने लाजून सांगितलं असतं तर मी रागावले नसते. पण त्याने असं सांगितलं, की जणू प्लेअर त्याचसाठी घेतला होता. महाळुंग्याच्या एका नव्या फ्लॅटमध्ये प्लेअर काचेच्या दाराच्या कपाटात बंद करून ठेवला होता, वर सेट टॉप बॉक्स, त्याच्यावर पितळी हत्ती. श्वास घ्यायला बोटभर जागा नाही. मी म्हटलं, "दार उघडं ठेवत जा." बाई म्हणाल्या, "मग हत्तीवर धूळ बसते." हत्ती वाचला, प्लेअर गेला.

सांगून सांगून माणूस थकतं. चूक एकाची असती तर चीड आली असती. सगळ्यांची तीच चूक असली की नुसता थकवा येतो. तुम्ही तेच वाक्य म्हणता, ते तीच मान हलवतात.

नामा पहिल्यांदा आला तेव्हा त्याने प्लेअर घोंगडीत गुंडाळून आणला होता. मुळशीच्या डोंगरावरच्या धनगरवस्तीतला तो. शेरडं-मेंढरं, थोडं भात, आणि बाकीचे दिवस महाळुंग्याला बांधकामावर मजुरी. मी स्क्रू काढले, झाकण उचललं आणि टेबलावरच्या पंख्याने माझा चष्मा, समोर खोलून ठेवलेला मिक्सर, भिंतीवरची यादी, सगळं पिवळं करून टाकलं.

"हे काय आहे?"

"भंडारा हाय, ताई."

"ते दिसतंय. आत कसा गेला?"

"टाकला."

"कुणी?"

"समद्यांनी."

त्याने मग सांगितलं ते असं. त्याचे वडील रामाबुवा वस्तीचे ओव्या म्हणणारे. चैत्रात बिरोबाची जत्रा असते, तेव्हा ढोलावर ओव्या म्हणायला बसायचं. त्याला ते सुंबरान म्हणतात. सुंबरान संपता संपता बुवा वस्तीच्या पिढ्या म्हणायचे. अमक्याच्या पोटी तमका, तमक्याच्या पोटी आणखी कुणी, असं करत मूळ पुरुषापासून आजच्या कर्त्या माणसापर्यंत यायचं. पिढ्या उतरल्याशिवाय सुंबरान पुरं होत नाही. आणि उतरल्या की, ज्याच्या तोंडून त्या उतरल्या त्याच्यावर सगळ्यांनी भंडारा उधळायचा, अशी रीत.

बुवांच्या शेवटच्या काही वर्षांत, पौडच्या बाजूला लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एका माणसाने त्यांचं सुंबरान रेकॉर्ड करून एक सीडी दिली होती. बुवा गेले. पिढ्या दुसऱ्या कुणाला पाठ नव्हत्या. नामा साइटवर विटा वाहत होता, त्याने कधी शिकल्या नव्हत्या. मग पुढच्या जत्रेला त्यांनी देवळापुढे प्लेअर मांडला, सीडी लावली. बुवांचा आवाज आला, पिढ्या उतरल्या. लोकांच्या मुठीत भंडारा तयार होता. तोंड आता कुठलं, तर हा डबा. डब्यावर उधळला.

"अरे, वर कापड टाकायचं."

"मग भंडारा कापडाला मिळतुया, ताई."

"मागे ठेवायचा कुठेतरी. आवाज काय, मागूनही येईल."

नामा माझ्याकडे बघत राहिला. "मागं कसा ठेवायचा? बा हाय त्यो."

 मी निदान एवढं कबूल करून घेतलं, की आवाज संपला की आधी पिन काढायची, मग भंडारा. हळद आत विजेच्या भागावर बसते, हवेतली ओल धरते आणि मग करंटला नको तिथे वाट मिळते. एखाद्याने हात लावला तर देव मधे पडणार नाही. पुढच्या वर्षी प्लेअर तसाच पिवळा आला. पण नामा आल्या आल्या अभिमानाने म्हणाला, "पिन काढली व्हती बरं का. तुमचं ऐकलं." इतक्या वर्षांत माझ्या यादीतला एक नियम पूर्णपणे पाळणारी ही एवढी एकच वस्ती, हे नोंदवून ठेवते.

मग ते दरवर्षीचंच झालं. जत्रा झाली की आठवड्यात नामा यायचा. मी बाहेर अंगणात झाकण उघडायची, तोंडाला रुमाल बांधून. ब्रशने झटकायचं, ब्लोअर मारायचा, मग कापसाच्या काडीला जरासा स्पिरिट लावून भिंग पुसायचं. दाबायचं नाही, ते भिंग बारीक तारांवर तरंगत असतं. हळद चिकट, एका पुसण्यात जात नाही. भिंग फारच गेलं तर भंगारातून जमवलेल्या प्लेअरमधलं काढून बसवायचं, कारण नवे भाग मिळणं कधीच थांबलं. प्रत्येक वेळी मी रागवायची. प्रत्येक वेळी नामा म्हणायचा, "बराबर हाय तुमचं." आणि पुढच्या वर्षी परत हळद.

आणखी एक गोष्ट मी त्याला सांगत आले होते. "जत्रेच्या आधी एकदा लावून बघत जा. ऐन वेळी बंद पडला तर काय करशील?" यंदा त्याने तेही ऐकलं. जत्रेच्या जरा आधी तो आला आणि या वेळी त्याची आई बरोबर होती. धोंडाक्का. सत्तरीची, काटक, डोक्यावर पदर, हातात काठी आणि काठीपेक्षा ताठ. तिने खुर्ची नाकारली, स्टुलावर बसली आणि भिंतीच्या फळ्यांवर ठेवलेले प्लेअर एकेक करून बघितले.

"समदी मेलेली हायेत व्हय ही?"

"काही मेलेत, आक्का. काही नुसते झोपलेत."

"मालक कुणी न्यायला येत न्हाई?"

"नाही येत."

"आमी आलो की," ती म्हणाली.

नामाने सीडी पुढे केली. ट्रंकेत ठेवताना तिची कड बाहेर राहिली होती आणि वरून लोखंडी झाकण पडलं होतं. कडेपासून आत एक तडा गेला होता, नखाएवढा. उजेडात धरल्यावर केसासारखा दिसत होता. नामाने ती घरी लावून बघितली नव्हती, तशीच आणली होती. हे त्याचं शहाणपण.

इथे थोडं शिकवते. सीडी बाहेरून आत वाजत नाही, आतून बाहेर वाजते. पहिलं गाणं मधल्या भोकाजवळ, शेवटचं कडेला. म्हणजे तडा होता तो सुंबरानाच्या शेवटावर. पिढ्यांवर.

त्या शनिवारी वानखेडे दुकानात बसलेले होते. हे अकोल्याकडचे, हिंजवडीला नोकरी, समोरच्या सोसायटीत एकटेच राहतात. कधीतरी लग्नाच्या डीव्हीडी घेऊन आले होते, तेव्हापासून शनिवारी चहाला येतात. ते म्हणाले, "काकू, माझ्या जुन्या कॉम्प्युटरला ड्राइव्ह आहे. पाच मिनिटांत कॉपी होऊन जाते."

"त्यात ती किती जोरात फिरते माहीत आहे ना? तडा गेलेली चकती जोरात फिरवली की आतल्या आत फुटते. मशीनही जातं आणि काच फुटल्यासारखे तुकडे बाहेर येतात."

"हो ना, ते बी आहेच," ते म्हणाले आणि तिथल्या तिथे दुसरा उपाय काढला. "मग तुमच्या प्लेअरवर साधीच वाजवा. मागून वायर काढून लॅपटॉपमध्ये आवाज घेतो. जेवढा वेळ गाणं, तेवढा वेळ लागेल, बस." हेच बरोबर होतं. ते लॅपटॉप आणायला गेले.

मी माझा सगळ्यात जुना प्लेअर काढला. जड आहे, हळू आहे, चिडत नाही. भिंग पुसलं. सीडी धुतली नाही, तड्यात पाणी शिरतं; नुसतं मऊ कापड मधून कडेकडे फिरवलं, तड्याच्या जवळ थांबले. लाल-पांढऱ्या पिनांची वायर लावली. मग नामाला सांगितलं, "हे एकदाच होईल. अडकली तर मी बंद करणार. ओढून ताणून वाजवणार नाही."

"आन् पिढ्या?"

"बघू."

आवाज सुरू झाला. ढोल, मागे कुत्रं भुंकतंय, मग रामाबुवांचा आवाज. मी त्यांना कधी बघितलं नाही. सीडी वर्षानुवर्षं हाताळली, पण ऐकली नव्हती. मी आपली सुरुवातीचं मिनिटभर लावून 'चालतंय' म्हणायची आणि पुढच्या कामाला लागायची. जाडसर, न घाई करणारा आवाज होता. मधेच ते ओवी सोडून कुणाला तरी म्हणाले, "आरं, ढोल हळू. मला म्हणू दे का तूच म्हणतूस?" धोंडाक्का हसली. तिला ती जागा माहीत होती. बुवा बोलायच्या आधीच तिचा हात वर गेला होता.

बराच वेळ गेला. वानखेडे लॅपटॉपवर हिरव्या रेघा बघत होते. मी चकतीच्या आवाजाकडे कान लावून होते. तडा बोलायला लागला की प्लेअर आधी खरखरतो. पिढ्या सुरू झाल्या. नामा पुढे सरकला. अमक्याच्या पोटी अमका. मग यसू आला.

"यसूच्या पोटी," रामाबुवा म्हणाले. "पोटी. पोटी. पोटी. पोटी."

प्लेअर खरखरायला लागला.

"चालू द्या, ताई," नामा म्हणाला. "जाईल फुडं."

"नाही जाणार. फुटेल."

"फुटू द्या! तशीबी काय कामाची मग?"

"फुटली तर आधीचंही जाईल, नामा."

"थांबवा, बाई," धोंडाक्का म्हणाली. "दमलाय त्यो."

मी बंद केलं. दुकानात एकदम सगळ्या मारुंजीची रहदारी ऐकू यायला लागली.  नामा हळूच म्हणाला, "यसूच्या फुडं कोन, मला न्हाई म्हाईत. वस्तीत कुनालाच न्हाई. सुंबरान अर्धंच ऱ्हायलं म्हणायचं."

"लखा," धोंडाक्का म्हणाली.

आम्ही सगळ्यांनी मान वर केली.

"यसूच्या पोटी लखा," ती काठीकडे बघत म्हणाली, भाजी निवडताना म्हणावं तसं. "लखाच्या पोटी सोमा. सोमाच्या पोटी धाकला यसू. धाकल्या यसूच्या पोटी म्हादू, म्हादूच्या पोटी बिरू. बिरूच्या पोटी." आणि ती थांबली. पदर पुढे ओढला.

"तुला येतंय?" नामा उभाच राहिला. "आये, तुला समदं येतंय?"

"मागं बसून ऐकलंय न्हवं जलमभर. कान काय बंद व्हते माजे?"

"मग बोलली न्हाईस ते इतकी वर्सं?"

"इचारलं कुनी?"

वानखेड्यांनी मोबाईल काढला. "आजी, परत एकदा म्हणता का? मी घेतो यात. जोडून देतो पुढे, कुणाला कळणार बी नाही."

"न्हाई."

"का हो?"

"बायामानसं सुंबरान म्हणत न्हाईत. आन् फुडं मालकाचं नाव येतंय. बिरूच्या पोटी कोन? त्येच की. मी कसं नाव घेऊ?"

"लग्नात उखाणा घेतला असेल की," वानखेडे म्हणाले.

"घेतला. एकदाच. त्योबी रडत." ती हसली, पण मान हललीच नाही. शेवटी तिनेच वाट काढली. "मी नामाला सांगते. बिरूपातुर. फुडचं त्येला म्हाईतच हाय. त्यो म्हणंल."

नामाने मान हलवली. त्या मान हलवण्याकडे मी बघितलं आणि मला माझी गिऱ्हाईकं आठवली.

वानखेड्यांनी लॅपटॉपवर घेतलेला बुवांचा आवाज साफ केला, यसूच्या नावाशी नीट थांबवला आणि पेनड्राइव्हवर घालून दिला. मी एक बॅटरीवर चालणारा स्पीकर शोधला. मनात म्हटलं, सुटले. आता भिंग नाही, चकती नाही, धूळ गेली काय आणि आली काय. नामा न्यायला आला तेव्हा पेनड्राइव्ह तळहातावर घेऊन उलटीपालटी करत राहिला.

"ताई, ह्याच्यावर भंडारा कसा टाकायचा? दिसाया तर पायजे."

म्हणून शेवटी असं ठरलं, की स्पीकर देवळामागच्या झाडाला लावायचा आणि देवापुढे घोंगडीवर नेहमीचा प्लेअर ठेवायचा. बिनवायरचा. नुसता मान म्हणून. "टाका हवा तेवढा," मी म्हटलं. "यंदा रागावणार नाही." मी जत्रेला गेले ते स्पीकर दगा देईल या भीतीने. माझ्या यादीत 'नवीन यंत्र पहिल्यांदा लावताना स्वतः हजर राहा' हे आहे.

डोंगराची चढण माझ्या गुडघ्यांनी लक्षात ठेवली आहे. देऊळ म्हणजे चौथरा आणि त्यावर शेंदूर लावलेला देव. पुरुष पुढे घोंगड्यांवर, बायका मागे. मधे आमचा प्लेअर, हार घातलेला. मी बायकांत धोंडाक्काशेजारी बसले. माणसं फार नव्हती. निम्मी तरुण पोरं खाली महाळुंग्याला आणि हिंजवडीला कामावर होती. सुट्टी मिळाली तेवढी आली होती.

स्पीकर चालला. बुवांचा आवाज झाडामागून आला तरी सगळे प्लेअरकडेच बघत होते. 'आरं, ढोल हळू' आलं, तसे सगळे हसले, आणि खरोखर ढोलकऱ्याने हात हलका केला. पिढ्या सुरू झाल्या. माणसांनी पिशव्यांतून भंडारा काढून मुठी भरल्या. "यसूच्या पोटी," बुवा म्हणाले आणि थांबले.

नामा उभा राहिला. "लखा," तो म्हणाला. "लखाच्या पोटी सोमा. सोमाच्या पोटी..." त्याने डोळे मिटले. "सोमाच्या पोटी म्हादू. न्हाई. सोमाच्या..."  कुणीतरी ढोल थांबवला, ते आणखीच वाईट झालं. त्याने मागे वळून बायकांकडे बघितलं. मी ते बघणं ओळखते. दुकानात लोक मेलेली वस्तू टेबलावर ठेवून माझ्याकडे असंच बघतात.

"सोमाच्या पोटी धाकला यसू," माझ्या शेजारून आवाज आला.

धोंडाक्का उठली नव्हती. बसल्या जागेवरून म्हणाली. पण भाजी निवडतानाचा आवाज नव्हता तो. तिने ती चाल घेतली होती, बुवांची.

पुढच्या घोंगडीवरून एकजण म्हणाला, "आरं, बाईमानूस म्हणतंय का काय?" वस्तीचे कारभारी म्हणून म्हातारे होते, त्यांनी मागे न बघता हात वर केला. "म्हणू द्या. धरल्यात तिनं. आता मधी तोडायच्या न्हाईत."

"धाकल्या यसूच्या पोटी म्हादू. म्हादूच्या पोटी बिरू." ढोल परत लागला, हळू. "बिरूच्या पोटी."

ती थांबली.  कारभाऱ्यांनी मान वळवली. ते नाव त्यांना माहीत होतंच, सगळ्यांनाच होतं. तिच्याऐवजी म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

"बिरूच्या पोटी रामा," धोंडाक्का म्हणाली. स्वच्छ म्हणाली, मागच्या रांगेपर्यंत जाईल असं. "रामाच्या पोटी नामा."

'चांगभलं' असा एकच आवाज झाला. भरलेल्या मुठी वर गेल्या आणि तशाच राहिल्या. माणसं प्लेअरकडे बघत होती, मग मागे बघत होती. नामाच्या हातातही भंडारा होता. तो प्लेअरला वळसा घालून आला, बायकांतून वाट काढत आला आणि मूठ आईच्या डोक्यावर उघडली. मग सगळेच आले. मी बाजूला सरकायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता. धोंडाक्का पदराने तोंड झाकून बसली होती. रडत होती की खोकत होती, ते त्या पिवळ्या धुरात कळलं नाही. तिला विचारायला मी कोण?

माझी ती साडी अजून पूर्ण उजळलेली नाही.

आठवड्यात नामा नेहमीसारखा दुकानात आला. घोंगडीत गुंडाळलेला प्लेअर टेबलावर ठेवला. बरोबर तडा गेलेली सीडीही होती. "ही ऱ्हाऊ द्या हितंच," म्हणाला. "आन् हा साफ करून ठेवा. येतो मी." तो साइटवर निघून गेला.

मी प्लेअर अंगणात नेला. तोंडाला रुमाल बांधला, ब्रश घेतला, ब्लोअर लावला. स्क्रू काढून झाकण उचललं. आत बोट फिरवलं आणि उजेडात धरून बघितलं. मग रुमाल सोडला आणि झाकण परत बसवलं. साफ करण्यासारखं आत काहीच नव्हतं.